दमट हवेतला रोजचा मेकअप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवरची आहेत आणि तक्रारही बहुतेकींची एकच आहे : सकाळी नीट केलेला मेकअप दुपारपर्यंत चेहऱ्यावर राहत नाही. महागडी बाटली घेतली की हा प्रश्न सुटेल, अशी समजूत पत्रांतून वारंवार दिसते. माझे मत वेगळे आहे. आपल्याकडच्या हवेत मेकअप टिकतो तो थर पातळ ठेवल्यामुळे आणि थराखालची त्वचा कोरडी असल्यामुळे; बाटलीच्या किमतीचा वाटा त्यात फार थोडा असतो. पुढची उत्तरे याच दृष्टीने दिली आहेत. पत्रलेखिकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी लांज्याहून रोज एसटीने रत्नागिरीला बँकेत जाते. घरून निघताना चेहरा छान दिसतो. पण स्टँडवर उतरेपर्यंत नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर फाउंडेशन फाटल्यासारखे होते आणि कपाळावर पावडरीचे पापुद्रे दिसू लागतात. दोन कंपन्या बदलून पाहिल्या, फाउंडेशनच्या आधी लावायचा प्राइमरही घेतला. काय चुकते आहे?

उत्तर : आधी कारण समजून घेऊ, म्हणजे उपाय आपोआप लक्षात येतील. घाम वाळला की त्वचा थंड होते. परंतु किनारपट्टीवर हवेतच इतके बाष्प असते की घाम लवकर वाळत नाही, तो त्वचेवर साचून राहतो आणि वर लावलेल्या फाउंडेशनला खालून सुटे करतो. नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर तेलही अधिक सुटते, म्हणून थर तिथे सर्वांत आधी फाटतो. अशा वेळी आपण घाईने कॉम्पॅक्ट काढून ओल्या त्वचेवरच पावडर फिरवतो. ती पावडर घाम शोषून घट्ट होते आणि तुम्ही लिहिलेले पापुद्रे तयार होतात.

यावरचा पहिला उपाय वेळेचा आहे. थंड पाण्याने चेहरा धुतल्यावर लगेच काही लावू नका. पंख्याखाली थोडा वेळ बसून, मानेवरचा आणि केसांच्या रेषेजवळचा घाम पूर्ण वाळला आहे हे बोटांनी चाचपून पाहा. स्वयंपाक आणि डबे आटोपून ओट्यापासून थेट आरशासमोर येणाऱ्या बाईचा चेहरा आतून तापलेलाच असतो, आणि त्यावर लावलेले कोणतेही उत्पादन अर्ध्या तासात सरकते. त्यानंतर जेलसारखे हलके मॉइश्चरायझर अगदी थोडे लावावे, मग सनस्क्रीन लावावे आणि ते त्वचेवर बसण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. साडी नेसणे, केस विंचरणे ही कामे त्या वेळात होतात.

दुसरा मुद्दा प्राइमरचा. बाजारातले बरेच प्राइमर सिलिकॉनचे असतात आणि बरीच हलकी फाउंडेशन्स पाण्याच्या आधारावर बनवलेली असतात. ही दोन्ही एकावर एक आली की काही वेळा वरचा थर खालच्यावरून घसरतो आणि चोळल्यावर बारीक गोळे निघतात. हातावर दोन्हींचा एकेक थेंब एकत्र करून पाहिल्यास ती मिसळतात की फुटतात, हे तेव्हाच कळते. माझा सल्ला विचाराल तर रोजच्या कामावर जाताना प्राइमर वगळलात तरी चालेल, कारण सनस्क्रीन नीट बसले की तेच बऱ्याच प्रमाणात प्राइमरचे काम करते.

आता फाउंडेशन. ते संपूर्ण चेहऱ्यावर लावण्याची गरज फारच थोड्या जणींना असते. नाकाच्या दोन्ही बाजू, ओठांच्या कोपऱ्यांजवळची काळसर जागा, हनुवटी आणि एखादा जुना डाग एवढ्याच ठिकाणी त्वचेचा रंग बदललेला असतो. गाल आणि कपाळ आपल्या मूळ रंगाचेच राहू द्यावेत. स्पंज पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून अगदी पिळून घ्यावा आणि त्याने फाउंडेशन दाबत बसवावे, ओढू नये. ओढलेला थर त्वचेच्या वर राहतो, दाबलेला थर त्वचेशी एकजीव होतो. पावडरीचेही तसेच आहे. ब्रशने फिरवलेली पावडर रोमांवर अडकून दिसते. त्याऐवजी मऊ पफ मधोमध दुमडावा, त्यात चिमूटभर पावडर घेऊन दोन्ही बाजू एकमेकींवर घासाव्यात, जादा पावडर झटकावी आणि मग पफच्या दुमडलेल्या कडेने नाकाच्या खोबणीत, हनुवटीवर आणि भुवयांच्या मध्ये दाबावे. गालांवर पावडर नकोच.

यापुढचे सांगणे कदाचित तुम्हांला अनपेक्षित वाटेल, परंतु माझ्या अनुभवात सर्वाधिक फरक त्यानेच पडतो : फाउंडेशन घरी लावूच नका. घरून निघताना सनस्क्रीन, काजळ आणि ओठांना थोडे मलम एवढेच पुरे आहे. रत्नागिरीला पोहोचल्यावर चेहऱ्यावरचा घाम टिश्यूने टिपून घ्या, पाच मिनिटे पंख्याखाली उभ्या राहा आणि मग ठरावीक जागी फाउंडेशन दाबून घ्या. दिवसभरात घाम आला की टिपकागद किंवा स्वच्छ सुती रुमाल चेहऱ्यावर ठेवून दाबा, पुसू नका. टिपून झाल्यावर गरज वाटली तरच पावडर घ्या.

सिंधुदुर्गातले दशावतारी कलाकार आपला चेहरा आपणच रंगवतात आणि तो रंग रात्रभराच्या खेळासाठी जाड असतो. तो तसाच असायला हवा, कारण दिव्यांच्या उजेडात मांडवाच्या टोकाला बसलेल्या माणसालाही चेहऱ्यावरचा भाव दिसला पाहिजे. बँकेच्या काउंटरवर समोरचा ग्राहक हातभर अंतरावर असतो. तिथे जाड थर केवळ थर म्हणूनच दिसतो.

प्रश्न : माझी काजळपेन्सिल वॉटरप्रूफ आहे, तरीही दुपारपर्यंत डोळ्यांखाली काळे होते. आजी म्हणते की घरी तुपात धरलेले काजळ वापर. सावंतवाडीत कॉलेजला जाते.

उत्तर : वॉटरप्रूफ काजळ पाण्याने निघत नाही, परंतु तेलाने निघते. डोळ्यांखाली रात्री लावलेले क्रीम, सकाळचे मॉइश्चरायझर आणि त्वचेतून सुटणारे तेल हेच तुमच्या काजळाला खाली उतरवते. म्हणून काजळ लावण्याआधी डोळ्यांखालची जागा कोरड्या कापसाने टिपा, तिथे बोटाच्या टोकाने अगदी किंचित पावडर दाबा आणि मगच पेन्सिल हाती घ्या. खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काहीही फार वेळ टिकत नाही, कारण ती जागा अश्रूंनी सतत धुतली जाते. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी रेघ ओढली तर डोळे तितकेच भरलेले दिसतात आणि रेघ संध्याकाळपर्यंत राहते. त्या रेघेवर त्याच रंगाची कोरडी आयशॅडो बारीक ब्रशने दाबली की मेणाचा चिकटपणा जातो.

आजीचे काजळ प्रेमाचे आहे, पण तूप किंवा एरंडेल कधीच वाळत नाही. त्यामुळे ते विकतच्या काजळाहून अधिक पसरते. शिवाय डबीत प्रत्येकीचे बोट जाते. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते तेव्हा डबी, पेन्सिल, मस्करा यांतले काहीही बहिणीबहिणींतसुद्धा वाटून घेऊ नये, आणि डोळे येऊन गेल्यावर त्या काळात वापरलेली काजळपेन्सिल व मस्करा टाकून द्यावा. बाजारात सुट्या मिळणाऱ्या सुरम्यात शिशाचे संयुग आढळते, म्हणून तो घेऊ नये, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर कोणतेच काजळ घालू नये.

प्रश्न : आम्ही मालवणजवळ तारकर्लीला घरगुती निवासव्यवस्था चालवतो. दिवसभर अंगण, किनारा आणि स्वयंपाकघर असे चालू असते. गालांवर वांग आले आहेत. सनस्क्रीन लावले की चेहरा राखेसारखा पांढुरका दिसतो आणि पाहुण्यांसमोर जायला संकोच वाटतो. फाउंडेशनमध्येच एसपीएफ असते, मग वेगळे सनस्क्रीन लागते का?

उत्तर : लागते, तुम्हांला तर इतर कोणाहूनही अधिक लागते. फाउंडेशनवर छापलेला एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजलेला असतो. तेवढे फाउंडेशन चेहऱ्यावर कोणीच लावत नाही, आणि लावले तर ते आपल्या हवेत तासभरही बसणार नाही. म्हणून संरक्षण सनस्क्रीनकडून घ्यावे आणि फाउंडेशनकडून केवळ रंग. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीवर ओढलेल्या दोन रेघा, एवढे प्रमाण धरावे. एसपीएफ 30 नीट लावले तर त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडतात, 50 ने सुमारे 98 टक्के. म्हणजे 30 आणि 50 यांतला फरक थोडा आहे आणि पुरेसे लावणे व न लावणे यांतला फरक फार मोठा आहे. डबीवर ‘पीए’ या अक्षरांपुढे तीन किंवा चार अधिकची चिन्हे आहेत का, तेही पाहावे; काळवंडवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या किरणांविरुद्धची ती खूण आहे. हे किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात, त्यामुळे आषाढात आभाळ भरले आहे म्हणून सनस्क्रीन सोडू नये. किनाऱ्यावर कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि लाटांचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणून नुसत्या टोपीने भागत नाही. परंतु टोपी किंवा छत्री हवीच.

पांढुरकेपणा येतो तो झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या खनिजांमुळे. तुमच्यासाठी उत्तम पर्याय म्हणजे रंग असलेले, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन. त्यातला तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो पांढुरकेपणा झाकतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतो. वांग वाढण्यात अतिनील किरणांबरोबर या दृश्य प्रकाशाचाही हात असतो आणि साध्या सनस्क्रीनला तो अडवता येत नाही. असे सनस्क्रीन आपल्या रंगाशी जुळणारे मिळाले तर वेगळ्या फाउंडेशनची गरज राहत नाही. जुळवताना मनगटावर लावून पाहू नका; जबड्याच्या कडेवर, मानेच्या दिशेने एक रेघ ओढा, दुकानाच्या ट्यूबलाइटखालून बाहेर उजेडात या आणि दहा मिनिटांनी आरशात पाहा, कारण काही रंग हवा लागल्यावर गडद होतात.

उन्हात असाल तेव्हा दर दोन तासांनी आणि समुद्रात जाऊन आल्यावर लगेच सनस्क्रीन पुन्हा लावावे. खाऱ्या पाण्याने भिजलेला चेहरा आधी साध्या पाण्याने धुवावा, टिपून कोरडा करावा आणि मगच सनस्क्रीन लावावे. वांग केवळ मेकअपने झाकत राहण्यापेक्षा एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल अशी वेगवेगळी कारणे त्यामागे असतात आणि उपचार त्यानुसार ठरतो. घरगुती उपाय म्हणून लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजते आणि नवाच काळा डाग पडतो.

प्रश्न : गेली अनेक वर्षे रोज चिकट टिकली लावते. आता त्या जागी खाज येते आणि मूगभर पांढरा डाग पडला आहे. टिकली लावल्याशिवाय मला बाहेर पडता येत नाही. डाग झाकून टिकली कशी लावू? (गुहागर)

उत्तर : वहिनी, त्या जागेवर टिकली आजपासून बंद करा. हे मी आग्रहाने लिहिते आहे. काही टिकल्यांच्या गोंदात फिनॉल-फॉर्माल्डिहाइड जातीची रासायनिक रेझिन्स असतात. ती काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, आधी खाज आणि पुरळ येते आणि पुढे त्वचेला रंग देणाऱ्या पेशीच मरू लागतात. टिकली वेळीच थांबवली तर काहींचा रंग हळूहळू परत येतो, परंतु चिकटवत राहिल्यास डाग पसरतो. हा डाग कोडाचा आहे की गोंदामुळे पडलेला आहे, हे नुसत्या डोळ्यांनी घरी ठरवता येत नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे टाळू नका. गोंदामुळे पडलेला डाग कोणाला लागत नाही, तो कसल्या पापाचाही नाही. शेजारपाजारच्या बोलण्याला घाबरून तो टिकलीखाली लपवत राहण्याची काहीच गरज नाही.

तोवर कपाळ मोकळे ठेवायचे नसेल तर आपल्याकडची जुनी पद्धत आठवा. पूर्वी बायका कपाळावर आधी मेणाचा बारीक ठिपका लावत आणि त्यावर पिंजर किंवा कोरडे कुंकू दाबत. घाम आला तरी कुंकू ओघळत नसे, कारण मेण घामाला त्वचेकडून वर येऊ देत नाही आणि कोरड्या पावडरीला धरून ठेवते. परंतु हेही डागावर लावायचे नाही. डाग बरा होईपर्यंत त्याच्यापासून बोटभर वर किंवा खाली लावावे. कुंकूही पारखून घ्यावे. हळद आणि चुन्यापासून केलेले कुंकू वेगळे आणि स्वस्त कृत्रिम रंगाचे कुंकू वेगळे. दुसऱ्याने कपाळ पुन्हा खाजू शकते. कोणतेही नवे कुंकू, गंध किंवा पेन्सिल कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावी आणि लालसरपणा आला नाही तरच कपाळावर न्यावी.

खाज पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांनी हरकत नाही असे सांगितल्यावर डाग झाकायचा असेल तर त्यावर प्रथम सनस्क्रीन लावा, कारण रंग नसलेली त्वचा उन्हाने लवकर भाजते. मग तुमच्या रंगाचे घट्ट कन्सीलर बारीक ब्रशने दोन पातळ थरांत लावून वरून पावडर दाबा.

प्रश्न : मे महिन्यात देवगडला चुलत बहिणीचे लग्न आहे. आंबे काढताना चीक उडाला आणि गालावर भाजल्यासारखा डाग पडला. खपली अजून आहे. फोटोत दिसू नये म्हणून काय करू?

उत्तर : खपली असेपर्यंत त्यावर काहीही लावू नका आणि ती नखाने काढू नका. आंब्याच्या देठातून उडणारा चीक त्वचेला खरोखरच भाजतो, आणि भाजलेल्या त्वचेवर मेकअप बसत तर नाहीच, जंतुसंसर्गाचा धोका मात्र वाढतो. पुढच्या वेळी चीक उडाल्याबरोबर साबण आणि पाण्याने धुवा. खपली आपोआप पडल्यावर खाली तपकिरी डाग राहील. तो काही महिन्यांत फिका होतो, मात्र त्याला रोज सनस्क्रीन लागते.

लग्नाच्या दिवशी त्या तपकिरी डागावर थेट कन्सीलर लावलेत तर तो राखाडी दिसेल. आधी नारिंगी झाक असलेल्या करेक्टरचा अगदी पातळ थर फक्त डागापुरता लावा, कारण नारिंगी रंग काळपट-निळसर झाक मारतो. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांनाही हाच उपाय चालतो. त्यावर तुमच्या रंगाचे कन्सीलर टोकदार ब्रशने ठेवा, मिनिटभर तसेच राहू द्या आणि अनामिकेने फक्त त्याच्या कडा थोपटा; मधला भाग हलवला की झाकण निघून जाते. शेवटी पफने पावडर दाबा. ही पावडर पांढरी, पारदर्शक म्हणून विकली जाणारी सिलिकाची नको. ती डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरे ठिपके उमटवते. मांडवात जाण्याआधी कोणाला तरी मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढायला सांगा, म्हणजे चूक वेळेत कळेल.

प्रश्न : माझा रंग सावळा आहे. चिपळूणच्या एका दुकानात मला सांगितले की तुम्ही फिकट गुलाबी किंवा त्वचेच्या रंगाचीच लिपस्टिक लावा, गडद रंग तुम्हांला शोभणार नाहीत. फिकट लावली की मात्र मी आजारी दिसते. शिवाय जेवणानंतर ओठांवर काहीच उरत नाही.

उत्तर : तुमच्या डोळ्यांना दिसले ते खरे आहे आणि दुकानात सांगितले ते चुकीचे आहे. सावळ्या चेहऱ्यावर ओठांचा मूळ रंग गडद असतो. त्यावर खडूसारखा फिकट गुलाबी रंग आला की तो ओठांच्या रंगात मिसळून राखाडी होतो आणि चेहऱ्यावरचा ताजेपणा नाहीसा होतो. विटकरी, मरून, वाइन, गडद गुलाबी आणि पिकलेल्या रातांब्याच्या सालीसारखा जांभळट लाल हे रंग सावळ्या त्वचेवर जितके खुलतात तितके गोऱ्या त्वचेवर खुलत नाहीत. फिकट रंगच हवा असेल तर तुमच्या ओठांच्या रंगाच्या जवळचा तपकिरी-गुलाबी घ्या, आणि ओठांच्या कडेने त्याच जातीच्या थोड्या गडद लायनरची रेघ ओढून ती बोटाने आतल्या बाजूला पसरवा. सावळेपणा झाकायचा नसतो. कोणताही रंग निवडताना तो तुमच्या त्वचेला उजळ करतो का हे पाहू नका, तुमचे डोळे आणि हसू त्याने ठळक दिसते का ते पाहा.

जेवणाचे म्हणाल तर माशाच्या सारातले खोबरे आणि तळलेल्या तुकडीचे तेल लिपस्टिक विरघळवते, त्याला इलाज थोडाच आहे. पहिला थर लावून टिश्यूवर ओठ दाबा, ओठांवर एकपदरी टिश्यू ठेवून त्यावरून ब्रशने थोडी पावडर फिरवा आणि मग दुसरा थर लावा. वाळून मॅट होणाऱ्या द्रव लिपस्टिकने आणखी काळ निभते, परंतु त्या ओठ कोरडे करतात, म्हणून रात्री ओठांना काहीतरी स्निग्ध लावायला हवे. आपल्या घरात असलेले कोकमाचे तेल, म्हणजे मुठेल किंवा भिरंडेल, या कामाला फार चांगले आहे. ते घट्ट असते, म्हणून खोबरेल तेलासारखे ओघळत नाही, आणि बोटांच्या उबेने मऊ होऊन ओठांवर बसते. सकाळी लिपस्टिक लावण्याआधी मात्र ते पूर्ण पुसून काढा.

प्रश्न : मैत्रिणीने एक क्रीम दिले आहे. आठ दिवसांत रंग उजळतो म्हणते. डबीवर कंपनीचा पत्ता नाही. मेकअपखाली लावू का?

उत्तर : लावू नका. इतक्या वेगाने रंग उतरवणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. 2023 मध्ये केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशाच क्रीममुळे मूत्रपिंडाचे विकार झालेले रुग्ण आढळले होते. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, केसाळ होते आणि क्रीम थांबवताच चेहरा लाल होऊन भडकतो. आपल्या देशातल्या सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापरण्याची मुदत छापलेली असावी लागते. यांतले काही नसेल तर ती वस्तू भेट मिळाली तरी वापरू नये. तुम्ही ते आधीच काही आठवडे वापरत असाल तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या ब्रशना कुबट वास येतो आणि कॉम्पॅक्टवर पांढरी बुरशी धरते. वस्तू महाग आहेत, वरचा थर खरवडून वापरल्या तर चालतील का? (दापोली)

उत्तर : चालणार नाहीत. बुरशीचे तंतू वरच्या थराखाली गेलेले असतात, त्यामुळे तो कॉम्पॅक्ट टाकूनच द्यावा लागेल. पुढच्या पावसाळ्यासाठी पावडरी न्हाणीघरात किंवा भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका; घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि ओला पफ कधीही डबीत बंद करू नका.

ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवावेत. धुताना केसांचीच टोके ओली करावीत. केसांना धरून ठेवणाऱ्या धातूच्या टोपीत पाणी शिरले की आतला गोंद सुटतो, केस गळू लागतात आणि कुबट वासही तिथूनच येतो. म्हणून धुतलेला ब्रश पेल्यात उभा करून वाळवू नये. तो टेबलाच्या कडेवर असा आडवा ठेवावा की केसांचा भाग कडेबाहेर, किंचित खाली झुकलेला राहील आणि चारही बाजूंनी पंख्याचा वारा लागेल. श्रावणात एका रात्रीत ब्रश वाळत नाही, तेव्हा दोन ब्रश आलटून पालटून वापरणे सोयीचे पडते. स्पंज तर आतून वाळतच नाही. पावसाळ्याचे चार महिने तो बाजूला ठेवून धुतलेल्या बोटांनीच फाउंडेशन दाबलेत तर उत्तम.

वस्तूंच्या तळाशी उघड्या डबीचे चित्र आणि त्यात 6एम, 12एम असे आकडे छापलेले असतात. उघडल्यापासून किती महिने वापरावे हे ते सांगतात. मस्करा तीन ते सहा महिन्यांत टाकावा, कोरड्या पावडरी दोन वर्षांपर्यंत चालतात, लिपस्टिकला वास आला की ती संपली असे समजावे. डबी उघडली त्या दिवशी तिच्या तळाला कागदाची पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. काजळपेन्सिल मात्र आपल्या दमट हवेत सर्वांत सोयीची ठरते, कारण प्रत्येक वापराआधी टोक तासले की रोज नवा, स्वच्छ भाग हाती येतो.